डिंडोलीत बोललेलं एक वाक्य

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे बसले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते, म्हणजे हा विषय निघायलाच नको. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस असतं तर मध्येच म्हणालं असतं, 'जाऊ दे हो, मायेपोटी होतं असं.' ते मला ऐकायचं नाही. मायेपोटी झालं की आणखी कशापोटी, हेच तर मला अजून कळलेलं नाही.

तशी मी बोलकी बाई. चौकशा करायची तर खोडच आहे मला. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की उतरेपर्यंत तिचं सासर-माहेर, गुडघ्याचं औषध, डब्यातल्या भाजीची कृती, सगळं मला ठाऊक झालेलं असतं. इचलकरंजीत आमच्या गल्लीत मी साड्यांना फॉल-पिको करते. नवरा जॉबर होता — बिघडलेले माग दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा केतकी कॉलेजात होती. एकुलती. त्यानंतर घरात आम्ही दोघीच.

आता गंमत बघा. माझ्या मशीनखालून ज्या साड्या गेल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त सुरतच्या. साडीची घडी उलगडली की आत चिकटवलेला चकचकीत कागद निघायचा आणि त्यावर खाली बारीक अक्षरात — सुरत. म्हणजे हे शहर इतकी वर्षं माझ्या मांडीवर येऊन पडत होतं आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. फॉल लावता लावता मी विचार करत बसायची. ही छापणारी माणसं कशी असतील? तिथल्या बायका स्वतः कसल्या साड्या नेसत असतील? इतका रंग धुऊन वाहून जात असेल, तर तिथली नदी कुठल्या रंगाची असेल?

केतकी कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन्स करायला शिकली होती. पण आमच्या गावात त्याला काम नव्हतं. दिवसभर ती एका सूतवाल्याकडे हिशेब लिहायची आणि संध्याकाळी घरी येऊन वेली, कोयऱ्या, काठ काढत बसायची. त्यातलं थोडंफार तिनं इंटरनेटवर टाकलं होतं. ते सुरतच्या एका साड्या छापणाऱ्या कारखान्यातल्या लोकांनी पाहिलं आणि तिला भेटायला बोलावलं. चारेक वर्षं झाली त्याला. हिवाळ्याचे दिवस होते.

"आई, तू पण चल," ती म्हणाली. "शनिवार-रविवार. काम बघू, शहर बघू. तुला आवडलं तरच हो म्हणीन."

तुला आवडलं तरच. किती सोपं होतं, नाही? मला फक्त 'आवडलं नाही' म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती. पण अडचण अशी झाली की — मला सुरत फार आवडलं.

सकाळी बसमधून उतरलो तेव्हापासूनच आवडलं. उतरल्या उतरल्या एका गाडीवर लोक उभ्यानं काहीतरी पिवळं, लपथपीत खात होते, वर तेल आणि कांदा. मी विचारलं, हे काय? 'लोचो,' तो माणूस म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. खाऊन बघितलं तर आपल्या ढोकळ्याचाच भाऊ, फक्त नीट उभा न राहिलेला. केतकी हसली. "आई, तोंड भरलेलं असताना तरी प्रश्न विचारू नकोस." मी तरी विचारलेच. डाळ किती तास भिजवता, सोडा घालता का, तुम्ही मूळचे इथलेच का.

मग आम्ही इंग्रजांची आणि डचांची जुनी थडगी बघायला गेलो. थडगी कसली, घरंच ती! घुमट, खांब, कमानी. कुठल्या कुठून समुद्रावरून आलेली ही माणसं, व्यापार करायला म्हणून आली आणि इथंच संपली. एका दगडावरचं इंग्रजी केतकीनं वाचून दाखवलं. तो मेला तेव्हा तिच्याच वयाचा होता. मी विचारलं, "याच्या आईला कधी कळलं असेल गं?" ती म्हणाली, "जहाज परत पोचायला जितके महिने लागत असतील, तितक्या महिन्यांनी." आणि पुढच्या दगडाकडे गेली. मी तिथेच जरा वेळ थांबले. ती बाई तितके महिने त्याच्यासाठी काही ना काही करून ठेवत असेल, असं माझ्या मनात आलं. बस, तेवढंच. मग मीही पुढे गेले.

तापीच्या काठावर मंडप लागले होते आणि तिथं पोंक विकत होते. पोंक म्हणजे काय म्हणून मी डोकावले आणि ओरडलेच — अगं, हुरडा हा! ज्वारीचा कोवळा हुरडा, नुसता भाजून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. विकणाऱ्या बाईला मी हिंदीत सांगत होते, आमच्याकडे चटणीबरोबर खातात, गुळाबरोबर खातात. ती मला गुजरातीत काहीतरी सांगत होती. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं आणि दोघी खूश होतो. नदी पाण्याच्याच रंगाची होती. मला जरा निराशाच झाली.

बघा, मी कशी रमले सांगण्यात. हे असंच होतं. त्या दोन दिवसांचं सांगायला लागले की मला अजून आनंदच होतो, आणि ज्याच्यासाठी सांगायला बसले ते मागं राहतं. येते. तिकडंच येते आहे.

दुपारी कारखान्यात गेलो. शेठ तरुणच होते, गुजराती, बोलायला नरम. तिथं पूजा नावाची एक मुलगी काम करायची, नमुन्याच्या साड्यांवर देखरेख ठेवायची. तिचं घर मूळ खानदेशातलं, म्हणून शेठनी तिलाच आमच्याबरोबर दिलं. केतकीनं पेनड्राइव्हवर आपली डिझाइन्स आणली होती. शेठनी बघितली, एका डिझाइनवर थांबले, आणि म्हणाले, हे आत्ताच काढून बघू.

आमच्या परसात भिंतीवर गोकर्णीची वेल आहे. मीच लावलेली. केतकीनं ती वेल हळदी रंगावर चढवली होती — निळी फुलं, पण सगळी पूर्ण उमललेली नाहीत, काही अर्धी मिटलेली. आधी ती कागदावर छापली. मग तो कागद आणि कापड एकत्र एका मोठ्या गरम रोलरमधून गेले आणि दुसऱ्या बाजूनं कापड बाहेर आलं. मी हात लावला. गरम होतं. तव्यावरून आत्ताच काढलेल्या पोळीसारखं गरम, आणि त्यावर माझ्या परसातली वेल.

"मासी, ये किसने सिखाया इसको?" शेठनी विचारलं.

"किसीने नहीं," मी म्हटलं.

खरंच होतं ते. शेठ, पूजा आणि केतकी त्या कापडावर वाकून बोलायला लागले — निळा जरा खाली आणायचा का, काठ किती ठेवायचा — आणि केतकी अशी काही बोलत होती, हिंदीत, भरभर, हातवारे करत, की मी बघतच राहिले. ही कोण? घरात ही मुलगी 'हं' आणि 'बरं' याशिवाय बोलत नाही. तिनं आपली पर्स माझ्या हातात दिली होती. ती पर्स धरून मी भिंतीपाशी उभी राहिले. बराच वेळ. तिला माझी आठवण नव्हती. का असावी? ती कामात होती. पण मला त्या क्षणी काय वाटलं ते मी नीट सांगायचा प्रयत्न करते. अभिमान वाटला — वाटलाच. आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या साड्यांच्या उलट्या बाजूला टाके घातले. कुणी मला असं भोवती उभं राहून विचारलं नव्हतं, की बाई, तुम्हाला काय वाटतं. मी माझ्या मुलीवर जळले का? आईला असं होतं? मला माहीत नाही. मी तेव्हापासून याचीच चौकशी करते आहे, फक्त विचारायला कुणी नाही.

नोकरी जवळजवळ ठरलीच. शेठ म्हणाले, सोमवार-मंगळवारी फोन करून पक्कं सांगतो. पूजा म्हणाली, "आंटी, राहायची चिंता नका करू. आमच्या घरी वरची खोली खाली आहे. आज रात्री तिथेच राहा, बघून घ्या."

पूजाचं सासर डिंडोलीत, सुरतच्याच एका टोकाला. तिथं गेल्यावर कानावर मराठी पडायला लागली तशी मला पुन्हा गंमत वाटायला लागली. दारात पूजाची सासू उभी होती — मंगलाबाई. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, नाकात मोरणी. "बठा, बठा. आपलंच घर शे," म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. "हसू नका हं ताई. घरात आम्ही अहिराणी बोलतो, बाहेर गुजराती. मराठी आता पाहुणे आले की काढायची, चांगल्या कपबश्यांसारखी."

त्यांचे मालक अमळनेरकडून इथं मागावर काम करायला आलेले. माग म्हटल्यावर आमचं जमलंच. मी त्यांना जॉबरची बायको कशी असते ते सांगितलं, त्यांनी मला मागवाल्याची. त्या रात्री मला छान झोप लागली. कुठंतरी लांब माग चालू होते. मला वाटलं, मी घरीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा केतकीला गच्चीवर घेऊन गेली, खोली दाखवायला. मी खाली स्वयंपाकघरात मंगलाबाईंजवळ बसले. जेवल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या. वांगी गॅसवर भाजून झाली होती, मी त्यांची सालं काढत होते, त्या भाकरी थापत होत्या. वरून केतकीच्या हसण्याचा आवाज आला. मग तिनं जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "आई, इथून रेल्वे दिसते! आणि वारा बघ कसला आहे!"

"पोरीला आवडली खोली," मंगलाबाई म्हणाल्या. "एकुलतीच ना?"

"हो."

"मग तुम्हाला करमेल का ताई? आमची पूजा आठ दिवस माहेरी गेली तर मला घर खायला उठतं."

इतकं साधं विचारलं त्यांनी. एका बाईनं दुसरीला विचारावं तसं. माझ्याकडे उत्तर तयार होतं — नाही करमणार. अजिबात नाही करमणार, मंगलाबाई. मला भीती वाटते. तेवढं म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी दोन आसवं गाळली असती, आम्ही जेवलो असतो, आणि केतकी सुरतला गेली असती.

मी म्हटलं, "माझं काय हो. तिचीच काळजी वाटते. तिला झटके येतात."

त्यांचा हात थांबला. "झटके?"

"फिट येते. कधी येईल सांगता येत नाही. रस्त्यात, कामावर, कुठंही. औषध चालू आहे." आणि मग, वांग्याचं साल ओढून काढत, अगदी शांतपणे मी पुढं म्हटलं, "पण तिच्यापाशी बोलू नका मी सांगितलेलं. तिला वाईट वाटतं."

हे ते वाक्य.

केतकीला फिट येत नव्हती. ती चार वर्षांची असताना तापात एकदा तिचे हातपाय ताठ झाले होते. एकदाच. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, लहान मुलांना तापात होतं असं, विसरून जा. आणि मी विसरलेही होते. त्या स्वयंपाकघरात बसेपर्यंत तो प्रसंग माझ्या डोक्यात कित्येक वर्षांत आला नव्हता. मग तो बरोबर त्याच वेळी कुठून आला? मी आधी ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं ठरवलं. पण 'तिला सांगू नका' हे कसं सुचलं? ज्या बाईच्या तोंडून चुकून काहीतरी निघून जातं, तिला पुढची तजवीज सुचत नाही. मला सुचली.

आणि खरोखरच तिला तो आजार असता, तरी काय झालं असतं? तो असलेली माणसं नोकरी करतात, संसार करतात. पण लोक त्या नावाला कसे दचकतात हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तेच निवडलं.

मंगलाबाईंनी पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. "अरे देवा," म्हणाल्या. "एवढी गुणी पोर." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला — हेही सांगूनच टाकते — मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

जेवायला बसलो तेव्हा मंगलाबाईंनी केतकीच्या ताटात स्वतःच्या हातानं भरीत वाढलं, वर लोणी घातलं, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. केतकी माझ्याकडे बघून हसली. किती प्रेमळ आहेत नाही, असं तिचं ते हसणं. मी मान हलवली.

तुम्हाला वाटेल, नंतर मला पश्चात्ताप झाला असेल, घास उतरला नसेल. नाही. दुपारी आम्ही डुमसला समुद्र बघायला गेलो. तिथली वाळू काळी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती मुठीत घेऊन बघितली, रुमालात थोडी बांधून घेतली. टोमॅटोची भजी मिळतात तिथं — टोमॅटोची चकती, वर हिरवी चटणी, आणि मग पिठात बुडवून तळलेली. मी दोन प्लेटा खाल्ल्या. केतकीनं माझा फोटो काढला. त्या फोटोत मी इतकी खुशीत दिसते, की पाहुणे अजून म्हणतात, सुरत मानवलं बाई तुम्हाला.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "मग? आवडलं?"

"खूप आवडलं," मी म्हटलं. "जा तू. घे नोकरी."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी केतकीनंच केला. शेठ म्हणाले, सध्या जरा थांबवलंय, पुढं बघू. पूजाला तिनं मेसेज केले, तर तिकडून नुसतं हात जोडल्याचं चित्र आलं. केतकी दोनेक आठवडे वाट बघत राहिली. मग एका संध्याकाळी, मी मशीनवर होते, ती शेजारी येऊन उभी राहिली.

"त्यांना तोंडावर नाही म्हणवलं नसेल," ती म्हणाली. "माझं काम साधारणच आहे, आई. तिथं रोज किती लोकांची डिझाइन्स बघत असतील ते. आपल्याला इथं बसून वाटतं, आपण भारी."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "असू दे गं. इथं काय कमी आहे."

त्यानंतर तिनं डिझाइन्स करणं सोडलं. एकदम नाही. आधी रोजचं रविवारवर आलं, मग कॉम्प्युटरवर कापड घातलं गेलं. पूर्वी कुणी नवी साडी फॉलला आणली की ती येऊन बोट ठेवून दाखवायची, इथं रंग सरकलाय बघ, इथं फूल तुटलंय. आता मान वर करत नव्हती. सूतवाल्याकडे जायची, यायची, भाजी निवडू लागायची. घरात होती ती. मला हवी तशी, माझ्यासमोर. मला तेच हवं होतं ना?

महिनाभरानं मंगलाबाईंचा फोन आला. मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. तर त्या माझीच माफी मागत होत्या. पूजानं शेठच्या कानावर घातलं होतं. तिथं गरम रोलर, मशीनं. पोर उभ्या उभ्या पडली तर? "राग नका मानू ताई," म्हणाल्या. "आईजवळच बरी पोर." हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती दिवस वाट बघत होते! आणि ते ऐकल्यावर मला फोन ठेवून द्यावासा वाटला.

त्या वाईट नव्हत्या हो. हेच तर अवघड आहे. त्यांनी केतकीसाठी मंगळवारचा उपास धरला. दर महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायच्या. "आता कमी आहे ना?" विचारायच्या. मी म्हणायची, हो, कमी आहे. एकदा त्यांनी कुठल्याशा वैद्याचं औषध सांगितलं, पुढच्या वेळी विचारलं, दिलं का? मी म्हटलं, दिलं. गुण आला का? आला. असं करत करत तो आजार मी वाढवला, उतरवला, सांभाळला. कधी कधी तर फोन ठेवल्यावर मी केतकीकडे काळजीनं बघायची. खरंच!

"कोण गं, सुरतच्या मावशी?" केतकी विचारायची. "किती जीव आहे त्यांचा तुझ्यावर. एका दिवसाची ओळख."

गेल्या दिवाळीच्या सुमारास, रविवारी सकाळी, मी चकलीचं पीठ मळत होते. फोन वाजला. हात पिठात. केतकीनंच उचलला आणि मला बोलता यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"कोण, केतकी का?" मंगलाबाईंचा आवाज आला. "अगं बेटा, तुझाच आवाज ऐकायचा होता. आता झटके येत नाहीत ना गं? तुझ्या आईनं सांगितलं त्या दिवसापासून मंगळवार धरते मी तुझ्यासाठी. कुणी विषय काढला तर तुला वाईट वाटतं म्हणून कधी तुझ्यापाशी बोलले नाही."

मी पिठातून हात काढला नाही. केतकी फोनकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादी साडी उलटी करून, टाका कुठून सुटलाय ते शोधतो ना आपण, तशी बघत होती.

"नाही मावशी," ती फोनवर म्हणाली. "आता नाही येत. एकदम बरी आहे मी. तुम्ही उपास सोडा आता."

तिकडं मंगलाबाई रडायला लागल्या, आनंदानं. केतकीनं त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, पूजाची विचारपूस केली, फोन ठेवला. मग मला म्हणाली, "आई, मला लहानपणी झटका आला होता ना? किती वेळा?"

"एकदा," मी म्हटलं. "तापात."

"एकदाच ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणि चकलीचा सोऱ्या धुऊन आणून माझ्यापुढं ठेवला.

एवढंच. त्यानंतर त्यावर आम्ही एक अक्षर बोललेलो नाही. ती विचारेल म्हणून मी रोज वाट बघत होते. तिनं आरडाओरडा करावा, भांडी आपटावीत, काहीही करावं. त्याऐवजी दिवाळीनंतर कॉम्प्युटरवरचं कापड निघालं. ती पुन्हा रात्रीपर्यंत काम करायला लागली. मी चहा नेऊन ठेवायची, ती 'हं' म्हणायची. संक्रांत झाली आणि एके दिवशी तिनं बॅग भरली. म्हणाली, "सुरतला काम मिळालंय. दुसऱ्या कारखान्यात." मला चल म्हणाली नाही. मीही, येऊ का, म्हटलं नाही.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. रविवारी फोन करते. काय खाल्लं सांगते, कुठल्या बाजारात गेली ते सांगते. परवा तिनं साडीचा एक फोटो पाठवला, तिची पहिली छापलेली. राखाडी जमीन आणि त्यावर थडग्यांच्या आवारातल्या त्या कमानी — एकापुढं एक, लहान होत गेलेल्या. मी फोटो मोठा करून करून बघितला. कुठंही रंग सरकलेला नव्हता. ती कुठं राहते ते मला माहीत नाही. डिंडोलीत नाही, एवढं नक्की.

मंगलाबाईंचा फोन गेल्या आठवड्यात येऊन गेला. पूजाला केतकी रस्त्यात भेटली म्हणाल्या. "तब्येत चांगली दिसते म्हणे पोरीची."

"हो," मी म्हटलं. "आता बरी आहे."

आता बरी आहे. तेव्हासुद्धा मी एवढंच म्हटलं. ती कधीच आजारी नव्हती हे सांगायला माझ्याजवळ अख्खा फोन होता, आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं.

केतकीला तो आजार नव्हता. तिचं काम कुणी नाकारलं नव्हतं. ते चांगलं होतं, मी हात लावून बघितलं होतं. ती माझ्या शेजारी उभी राहून स्वतःला साधारण म्हणत होती, तेव्हा मला हे सगळं माहीत होतं, आणि मी मशीनचं चाक फिरवत राहिले.